तळमजल्याच्या घरात नहाणी ट्रॅप कुठे कुठे ठेवावेत? (गोवा, पावसाआधी काम उरकायचे आहे)

मनू_अंत्रुज

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमचे चिऱ्यांचे जुने घर आहे, एकमजली. मागची पडवी बंद करून तिथे वॉशिंग मशीन, भांडी घासायची जागा आणि पाण्याचा फिल्टर नेला आहे. गेल्या चवथीच्या तोंडावर मशीनला पाणी देणारा पाईप नळाच्या सांध्यातून निसटला. घरी कोणी नव्हते. वरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहिले, पडवीतून स्वयंपाकघरात आणि तिथून देवाच्या खोलीत. कपाटाच्या प्लायचा खालचा भाग अजून फुगलेला आहे.

आता लाद्या बदलायच्याच आहेत, तर जमिनीला ड्रेन करून घ्यावा म्हणतो आहोत. घरात दोन मते पडली आहेत. आमच्या ह्यांचे म्हणणे, प्रत्येक खोलीत एक जाळी असू दे, पाणी कुठेही सांडले तरी जाईल. मेस्त म्हणतो, पडवीत एकच पुरे, जास्त जाळ्या लावल्या की घरभर वास येतो. शिवाय पाईप कुठे सोडायचा हाही प्रश्न आहे. मेस्ताला तो सरळ सेप्टिक टँकच्या चेंबरला जोडायचा आहे, कारण चेंबर पडवीपासून चार-पाच मीटरवरच आहे. कोणाचे ऐकू?

बार्देशकार

मनूताई, ड्रेनचे नंतर बघा, आधी मशीनच्या नळाला हाताशी येईल असा कॉक बसवा आणि बाहेर पडताना बंद करायची सवय लावा. साधा हिशेब आहे. निसटलेल्या पाईपमधून मिनिटाला 10 लिटर धरा, तासाला 600 लिटर झाले. 12 चौरस मीटरच्या खोलीत तेवढे पाणी कोंडले तर 5 सेंटिमीटर उभे राहते. हजार लिटरची टाकी दोन तासांच्या आत खाली. मशीनबरोबर येणारा रबरी पाईप कडक झाला, पीळ पडला, फुगा दिसला की लगेच बदलायचा. आपण तो मशीन मोडीत निघेपर्यंत वापरतो.

निवृत्त_अभियंता

बार्देशकारांशी सहमत, पण कॉक बंद करायला माणूस लागतो. ड्रेन कोणी घरी नसतानाही काम करतो. दोन्ही करा.

मेस्ताचे निम्मे बरोबर आहे. जिथे रोज पाणी सांडते तिथेच ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग, ठेवावा: न्हाणी, संडास, मशीनची जागा, भांडी घासायची जागा. बसायच्या खोलीत, झोपायच्या खोलीत, देवाच्या खोलीत अजिबात नको. कारण ट्रॅपमध्ये पाणी असते तोवरच तो ट्रॅप. वाकड्या भागात निदान 50 मिमी पाणी उभे राहते, तेच गटारातला वास आणि झुरळे अडवते. कोरड्या खोलीत ते पाणी भरणार कोण? उन्हाळ्यात सुकते आणि मग ती जाळी म्हणजे घरातून थेट चेंबरमध्ये उघडणारी खिडकी.

दुसरे असे की जाळी बसवली म्हणून पाणी तिच्याकडे जात नाही, उतार असावा लागतो. मीटरला किमान 10 मिमी, न्हाणीत 15 पर्यंत चालेल. हॉलच्या जमिनीला असा उतार दिलात तर कपाटे डुलतील आणि टेबलाखाली पुठ्ठे घालत बसाल. सपाट जमिनीत मधोमध बसवलेली जाळी नुसती शोभेची. पाणी तिला वळसा घालून कपाटाखालीच जाते.

म्हणून तुमच्या घरात मी असे केले असते: पडवीची जमीन स्वयंपाकघरापेक्षा 20 ते 25 मिमी खाली, मधल्या दारात ग्रॅनाइटची पट्टी आणि पडवीचा सगळा उतार बाहेरच्या भिंतीकडे. ट्रॅप त्या भिंतीलगत. पाईप फुटला तरी पाणी पडवीतच फिरेल आणि बाहेर जाईल. बाकीच्या खोल्या वाचवायचे काम त्या पट्टीचे आहे, जाळी पाणी काढते.

आणि सेप्टिक टँकला जोडू नका. यावर सविस्तर लिहितो, आत्ता जेवायला बोलावत आहेत.

मनू_अंत्रुज

काका, जेवून या, पण या नक्की. पट्टीची कल्पना आवडली. सासूबाईंना मात्र दारात अडखळायला होईल का, ही काळजी आहे.

निवृत्त_अभियंता

आलो. पट्टी उंच करू नका, पडवीच खाली करा. दार ओलांडताना पाऊण ते एक इंच उतरायचे, एवढेच. पट्टीचा रंग लादीपेक्षा वेगळा घ्या म्हणजे दिसेल, आणि पडवीत खरखरीत लादी घाला. गुळगुळीत व्हिट्रिफाइड अजिबात नको.

आता सेप्टिक टँक. टाकीत मैला बसावा, कुजावा यासाठी पाणी तिथे काही काळ थांबावे लागते. मशीन एका धुण्यात टाकीत जेवढे पाणी ढकलते त्याने सगळे ढवळून न कुजलेला गाळ शोषखड्ड्यात जातो, आणि खड्डा बसतो. ब्लीच आणि फिनेल वेगळेच, त्याने कुजवणारे जंतू मरतात. न्हाणीचे आणि धुण्याचे पाणी वेगळ्या वाटेने न्यावे: आत नहाणी ट्रॅप, बाहेर भिंतीलगत गली ट्रॅप (सांडपाण्याचा बाहेरचा ट्रॅप), तिथून तपासणी चेंबर, तिथून स्वतंत्र शोषखड्डा. गावात सिवरेज लाईन आलेली असेल तर शेवटच्या चेंबरमधून तिकडे. ती सोय पणजी, मडगाव, वास्को अशा ठिकाणी आहे, खेड्यापाड्यांत अजून बहुतेक सेप्टिकच.

तुमच्या जोत्याची उंची किती?

मनू_अंत्रुज

बाहेरच्या जमिनीपासून दीड फूट. मागे पोरसू आहे, त्यात केळी आणि थोडा अळू.

निवृत्त_अभियंता

मग नशीबवान आहात. दीड फूट म्हणजे साधारण 450 मिमी. ट्रॅपला खोली लागते 200. पुढे 75 मिमीचा पाईप, मीटरला 2 सेंटिमीटर उतार, पाच मीटरला 100. म्हणजे पाईपचे तोंड जमिनीच्या 150 मिमी वरच निघते. पंप नको, खोल खड्डा नको, सगळे आपोआप वाहील. पडवी 25 मिमी खाली केली तरी जमते.

जोत्याखालची भरणी जुनी असेल तर पाईपखाली वाळूचा किंवा पातळ काँक्रीटचा थर घ्या. भरणी खचली की पाईप मधेच पोटात येतो, तिथे पाणी आणि गाळ साचतो, आणि मग दोष जाळीला.

जाळीमामा

प्लंबिंगचे काम करतो, म्हणून चार गोष्टी हातच्या सांगतो. काकांचे सगळे बरोबर, पण कागदावरचा उतार जमिनीवर येईपर्यंत बरेच काही होते.

लाद्या बसवणारा संध्याकाळी थापी आणि घमेले कुठे धुतो ते बघा. त्याच ट्रॅपमध्ये. सिमेंटचे ते पाणी तळाशी बसते आणि दगड होते. नवीन घरात पहिल्याच वर्षी पाणी तुंबले की निम्म्या वेळा आत हेच सापडते. ट्रॅप बसला की त्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घाला, वर टेप मारा, आणि जाळी बसवायच्या दिवशीच काढा.

लादी बसायच्या आधी पाणी भरून ठेवायची चाचणी करून घ्या. ट्रॅपचे तोंड बंद, पडवीत इंचभर पाणी, एक दिवस आणि एक रात्र तसेच. दोन दिवस ठेवले तर उत्तम. खडूने भिंतीवर पाण्याची रेघ मारा. गळती बहुतेक ट्रॅपच्या कॉलरजवळ असते, जिथे प्लास्टिक आणि काँक्रीट भेटतात. वॉटरप्रूफिंगचा लेप ट्रॅपच्या तोंडात थोडा उतरायला हवा आणि भिंतीवर फूटभर चढायला हवा. कॉलरपाशी थांबवलेला लेप म्हणजे छत्रीला मध्येच भोक.

लाद्या झाल्यावर, पैसे द्यायच्या आधी, चारी कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओता आणि उकिडवे बसून बघा. पाणी जाळीपर्यंत जाऊन तिथे गर्र करून खाली उतरले पाहिजे. कोपऱ्यात चहाच्या बशीएवढे जरी डबके राहिले तरी ती लादी उचलायला लावा. उद्या बसते बाई, वाळली की बसते, असे सांगतील. बसत नाही.

आणि मशीनचा पाईप जाळीच्या भोकात नुसता कोंबू नका. त्याला उभा पाईप वेगळा द्या, समोरून उघडणाऱ्या मशीनला जमिनीपासून दोन-तीन फूट उंच. फार खाली ठेवलात तर मशीन आपले पाणी भरता भरताच ओढून बाहेर टाकते. मल्टी फ्लोअर ट्रॅप मिळतो, त्याला बाजूने दोन-तीन पाईप जोडता येतात. सिंक, मशीन आणि जमीन तिन्ही त्याच एका ट्रॅपवर. सिंकचे पाणी रोज पडते, म्हणून ट्रॅप कधी सुकत नाही.

दुबईवाला_गोंयकार

सुकण्यावरून आठवले. आमचा मडगावचा फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतो. मे महिन्यात उघडला की नाक धरून आत जावे लागते आणि न्हाणीत झुरळांची सभा. शेजारीण म्हणते ड्रेनेज फुटले असेल. नुसते पाणी सुकल्यामुळे एवढा वास येतो का?

निवृत्त_अभियंता

येतो, आणि वासापेक्षा वाईटही येते. 2003 साली सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींमध्ये तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. तपासात निघाले की न्हाणीच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. लोक जमीन पुसून घेत, पाणी ओतत नसत. न्हाणीतला पंखा हवा बाहेर ओढायचा, आणि तिच्या जागी ड्रेनच्या पाईपमधली हवा घरात यायची.

तुमच्यासाठी उपाय घरगुती आहे. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल. तेलाचा थर वर राहतो, पाणी सावकाश उडते. जाळीवर प्लास्टिक पसरून टेप मारा. चावी शेजारणीकडे असेल तर महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायला सांगा. सिलिकॉनची झडप असलेले ट्रॅपही मिळतात, पाणी सुकले तरी झडप बंद राहते. फक्त त्यात केस अडकला की ती अर्धी उघडी राहते, म्हणून त्यावर पूर्ण भिस्त नको.

खाजनकाठ

सगळे पाणी बाहेर कसे जाईल ते सांगताहेत. मी उलट सांगतो. आमचे घर तिसवाडीत, खाजनाच्या (खाडीलगतच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेताच्या) काठाला, जोते फूटभरही नाही. जुलैत भरती आणि पाऊस एकदम आले की चेंबर वरपर्यंत भरतो. मग पाण्याला सगळ्यांत खालचे भोक सापडते, ते म्हणजे न्हाणीची जाळी. दारात वाळूची पोती रचून आम्ही बसलेले आणि पाणी मागून न्हाणीतून, काळे, बुडबुडे काढत.

यावर उपाय म्हणजे एकाच बाजूने उघडणारी झडप, नॉन रिटर्न वाल्व. आमच्याकडे कोणाला समजवावे लागत नाही, कारण ती हुबेहूब मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार, आहे. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर जाते, भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. बांधावर शेकडो वर्षे तेच चालले आहे, आम्ही ते 110 मिमीच्या पाईपवर बसवले. बाहेरच्या चेंबरमध्ये, झाकण उघडून हात जाईल अशा जागी. भिंतीत किंवा लादीखाली गाडू नका. पाऊस सुरू व्हायच्या आधी उघडून झडपेतला गाळ, चिंध्या काढाव्या लागतात. मानसीच्या दारात काटकी अडकली की शेत गेले, तसेच हे.

एक लक्षात ठेवा, झडप बंद असताना तुमचेही पाणी बाहेर जात नाही. त्या दोन-चार तासांत मशीन लावायचे नाही, आंघोळी थांबवायच्या.

साखळीकर

+1. जुलै 2021 च्या पुरात वाळवंटी नदीचे पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी आमच्या न्हाणीत आले. तेव्हापासून जाळीच्या मापाचा रबरी बूच घरात ठेवतो, पेच फिरवला की फुगून घट्ट बसतो. रेड अलर्ट आला की तीन बूच तीन जाळ्यांना. संडासाच्या भांड्यालाही पोते लागते, ते विसरू नका.

पण पाणी छातीएवढे यायचे असेल तर कुठलाही वाल्व उपयोगाचा नाही. तेव्हा सामान माळ्यावर आणि माणसे देवळात.

कडू_कारले

धागा छान चालला आहे, पण एक थंड पाण्याचा शिपका. गोव्यातल्या अर्ध्या घरांचा त्रास सांडलेल्या पाण्याचा नाहीच. चिरा पाणी पितो. जोत्यात ओल अडवणारा थर नसेल तर तळमजल्याच्या भिंती गुडघ्यापर्यंत फुगतात, रंगाचे पापुद्रे निघतात. त्याला ड्रेन काय करणार?

जून-जुलैत लादीवर पाणी दिसते, लोक म्हणतात खालून झिरपते. बऱ्याचदा ते हवेतलेच असते. थंड गुळगुळीत लादी आणि दमट वारा. तपासायचे असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने लादीला चिकटवून दोन दिवस ठेवा. वरून ओला झाला तर हवेतले, खालून ओला झाला तर जमिनीतले.

आणि रस्ता. दर दोन-चार वर्षांनी जुने न खरवडता वर हॉटमिक्सचा नवा थर. आजोबांनी जोते रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या वर बांधले होते, आता रस्त्यावरून अंगणात उतरावे लागते. दरसाल सुमारे 3000 मिमी पाऊस पडणाऱ्या राज्यात ही अक्कल! अशा घरांना आतल्या ड्रेनच्या आधी अंगणात रस्त्याच्या बाजूने आडवी जाळीची गटार हवी.

निवृत्त_अभियंता

कडू असले तरी खरे आहे. फक्त पागोळ्यांचे आणि अंगणाचे पाणी घरातल्या ड्रेनच्या पाईपला जोडू नका. आषाढातली एक सर तो पाईप भरून टाकते, आणि खाजनकाठांनी सांगितलेला प्रकार तुमच्याकडे डोंगरावरही होईल. पावसाचे पाणी वेगळे, सांडपाणी वेगळे.

पर्वरीची_टिकली

फ्लॅटवाल्यांनी काय करायचे? दुसरा मजला, स्वयंपाकघरात मशीन, खाली स्लॅब सपाट. बिल्डरने ट्रॅप फक्त न्हाण्यांत आणि बाल्कनीत दिला आहे.

जाळीमामा

टिकलीताई, स्लॅबला भोक पाडायचा विचार सोडा. न्हाणीचा स्लॅब नऊ इंच ते फूटभर खाली घेतलेला असतो म्हणून तिथे ट्रॅप बसतो. तुमच्या सपाट स्लॅबमधून ट्रॅप काढला तर तो खालच्यांच्या स्वयंपाकघरात लोंबणार. सळई कापली गेली तर आणखी वेगळे.

मशीन बाल्कनीत न्या, तो सगळ्यांत सोपा मार्ग. नाहीतर मशीनखाली दोन इंच काठाचा ट्रे, त्याला बाजूने 32 किंवा 40 मिमीचा पाईप, भिंतीलगत उतार देत बाल्कनीच्या ट्रॅपपर्यंत. फिल्टरच्या खालीही छोटा ट्रे ठेवा. फिल्टरची नळी जेवढी बारीक तेवढी लबाड, रात्रभर थेंब थेंब गळते आणि सकाळी खालच्या काकू बेल वाजवतात. पाणी लागले की ओरडणारे छोटे यंत्र मिळते, सेलवर चालते, तेही ठेवा. आणि मशीनचे प्लग पॉइंट जमिनीपासून वर घ्या. ओल्या लादीवर उभे राहून प्लग काढायचा नाही.

मनू_अंत्रुज

सगळ्यांचे आभार. मेस्ताला हा धागाच वाचून दाखवला. सेप्टिकच्या मुद्द्यावर तो थोडा फुरंगटला, पण मानसीचे उदाहरण ऐकून म्हणाला, हे आधी सांगायचे. ठरले ते असे: पडवी एक इंच खाली, दारात काळी पट्टी, बाहेरच्या भिंतीलगत एकच मल्टी फ्लोअर ट्रॅप, बाहेर गली ट्रॅप आणि पोरसाच्या टोकाला वेगळा शोषखड्डा. विहीर घराच्या दुसऱ्या अंगाला आहे, तिच्यापासून लांब. आमच्या ह्यांची हॉलमधली जाळी रद्द.

दोन शंका राहिल्या. हे पाणी केळींना सोडले तर चालेल का? आजीच्या वेळी न्हाणीचे सगळे पाणी केळीच्या आळ्यातच जायचे. आणि जाळी कुठली घ्यावी?

निवृत्त_अभियंता

आजीच्या वेळी न्हाणीत शिकेकाई आणि राख होती. आंघोळीचे पाणी अजूनही सोडा, केळ आनंदाने पिते, फक्त डबके होऊ देऊ नका, डास होतात. मशीनचे पहिले साबणाचे पाणी मात्र खड्ड्यातच. भांड्यांच्या पाण्यातले तेल अडवायला गली ट्रॅपच्या आधी छोटा ग्रीस ट्रॅप घ्या. नाहीतर शोषखड्ड्याच्या चिऱ्यावर तेलाचा राप बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो पाणी प्यायचा थांबतो. पाणी रस्त्याच्या गटारात सोडायचा मोह टाळा, शेजाऱ्याने आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार केली तर नोटीस येईल.

जाळीमामा

जाळी स्टेनलेस स्टीलची, 304 मार्काची, तुमच्याकडे पुरे. समुद्राजवळच्यांनी 316 घ्यावी, 304 वर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग पडतात. चुंबक लावून बघितले आणि घट्ट चिकटला तर दुकानदार हलका माल खपवतो आहे. जाळी उचलता येणारी हवी, सिमेंटने चिकटवू देऊ नका. आतली वाटी आठवड्याला काढून केस, भाताची शिते साफ करायची आणि परत तशीच ठेवायची. बरेच जण पाणी पटकन जावे म्हणून ती वाटी कायमची काढून टाकतात. वाटीवाल्या ट्रॅपमध्ये ती वाटीच पाणी अडवून धरते, ती गेली की ट्रॅप गेला.

खाजनकाठ

आणि पाईपच्या बाहेरच्या तोंडाला तारेची जाळी, मनूताई. अळू लावलाय म्हणता, म्हणजे बेडूक आहेतच. बेडकामागोमाग दिवड येते. बिनविषारी असते, पण पहाटे न्हाणीत दिसली की ते कोण लक्षात ठेवतो.

मनू_अंत्रुज

तारेची जाळी यादीत सगळ्यांत वर घातली. सोमवारी लाद्या उचलतायत.